मामाचा बेंजो आणि लंबाडा

मामा यंत्रमागावर रात्रपाळी करायचा आणि गणपती आले की बेंजो पार्टीत वाजवायचा. भिवंडीतल्या आमच्या आळीत विसर्जनाला त्याचं एक गाणं ठरलेलं: 'घायल'मधलं 'सोचना क्या'. १९९० चा सिनेमा, संगीत बप्पी लाहिरी. त्या सुरावर गुलालात नाचतच मी मोठा झालो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना यूट्यूबवर 'लंबाडा' सापडलं. काओमा नावाच्या फ्रान्सच्या ग्रुपचं, १९८९ चं. सूर तोच. गणपतीच्या आठवडाभर आधी तालमीत, अख्ख्या पार्टीसमोर मी फोनवर ते लावलं आणि शहाणपणाने म्हणालो, "मामा, ही चोरी आहे."

"मग आम्ही कोण? चोरीचा माल विकणारे?" मामाने विचारलं. सगळे हसले, मामा हसला नाही. त्या वर्षी ते गाणं वाजलंच नाही.

ते मला लागून राहिलं. पुढे नोकरीत रोज दुसऱ्यांचा ओपन सोर्स कोड वापरायला लागलो. त्यातल्या बऱ्याच लायसन्सची अट साधी असते: हवा तसा वापरा, फक्त मूळ लेखकाचं नाव पुसू नका. मग लंबाडाचं मूळ शोधत बसलो.

लंबाडा ही चाल म्हणून ब्राझीलच्या उत्तरेची, पारा राज्यातली. अॅमेझॉनच्या मुखाजवळचं बेलेम हे तिथलं मोठं बंदर. कॅरिबियन बेटांवरची गाणी तिथे पोचायची. तिथला कारिंबोचा ताल, ही परकी गाणी आणि इलेक्ट्रिक गिटार यांच्या मिसळीतून १९७० च्या दशकात लंबाडा घडला. मग तो किनाऱ्याकिनाऱ्याने खाली बाहियात उतरला. तिथल्या पोर्तो सेगुरोत फ्रेंच निर्मात्यांनी तो पाहिला, पॅरिसला नेला, लोआल्वा ब्राझ या ब्राझिलियन गायिकेकडून गाऊन घेतला आणि जगभर विकला.

पण काओमाच्या गाण्याचा सूर ब्राझीलचासुद्धा नव्हता! तो शेजारच्या बोलिव्हियातला. 'लोस काहार्कास' या ग्रुपचं १९८१ चं 'योरांदो से फुए', रचना उलिसेस आणि गोन्सालो हर्मोसा या भावांची. १९८६ मध्ये मार्सिया फेरेरा या ब्राझिलियन गायिकेने ते पोर्तुगीजमध्ये गायलं होतं. काओमाच्या रेकॉर्डवर मात्र हर्मोसा बंधूंचं नाव नव्हतं. त्यांना भांडावं लागलं, तेव्हा कुठे हक्क मान्य झाला. २०११ मध्ये जेनिफर लोपेझने 'ऑन द फ्लोअर'मध्ये तोच सूर घेतला, तेव्हा श्रेयात त्यांची नावं होती.

ब्राझीलवाल्यांवरही अशी वेळ आली आहे. जॉर्जी बेनने १९७२ मध्ये 'ताजमहाल' नावाचं गाणं केलं, आपल्याच शहाजहानच्या प्रेमावर. १९७८ मध्ये रॉड स्ट्युअर्टच्या गाजलेल्या डिस्को गाण्यात त्याची धून निघाली. प्रकरण आपसात मिटलं. पुढे आत्मचरित्रात त्याने कबूलही केलं, की नकळत झालं.

याच्या उलटी गोष्ट मला जास्त आवडते. १९४९ मध्ये, गांधीजींच्या हत्येला वर्ष झालं असताना, साल्वादोर बंदरातल्या हमालांनी कार्निव्हलसाठी आपलं पथक काढलं. नाव ठेवलं 'फिल्यूस दे गांधी', गांधींची मुलं. पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा आणि वाजवायला आफ्रिकेतून आलेला इजेशा ताल. ते पथक आजही निघतं. हातावर पोट असलेल्या माणसांनी आपल्याकडून काही घेतलं, पण नाव सांगून घेतलं.

आणि मामाचा बेंजो तरी कुठला? ते खरं तर बुलबुलतरंग, ज्याचं मूळ १९१२ मध्ये जपानच्या नागोयात बनलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. टाइपरायटरसारखी बटणं त्याचीच. 'बेंजो' हा शब्द मात्र अमेरिकेत नेलेल्या आफ्रिकन गुलामांच्या वाद्याचा. आमच्या आळीत यातलं काहीच कुणाला परकं वाटलं नाही.

गेल्या वर्षी हे सगळं मामाला सांगितलं. चोर तू नव्हतास, हेही सांगितलं. उशीरच झाला होता. त्याने दोन्ही भावांची नावं माझ्याकडून दोनदा म्हणून घेतली.

विसर्जनाला टेम्पो नाक्यावर आला, तेव्हा मामाने माइक मागून घेतला आणि म्हणाला, "आता हरमोसा भावांचं गाणं, बोलिव्हिया." फटाक्यांच्या आवाजात ते फारसं कुणाला ऐकू गेलं नाही. मग त्याने बेंजोवर पहिला सूर छेडला.