ठासणीच्या बंदुकीवर दुर्बीण: कुठली आणि का?

ठासणीची बंदूक म्हणजे तोंडातून दारू भरा, गोळी घाला, गजाने ठासा आणि मग एकच बार. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे दुर्बीण हवीच, नाही का? पण कुठली? अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) याची दोन उत्तरं दिसतात.

उत्तरेच्या काही नेमबाजांनी स्पर्धेतल्या जड रायफली आणल्या. त्यावर जवळजवळ नळीइतकी लांब दुर्बीण. नेम अचूक, पण काहींचं वजन १० किलोच्या वर! टेकू नसेल तर नेम धरणंच अवघड, आणि रोज मैलोन्‌मैल चालायचं, ते वेगळंच.

दक्षिणेकडे इंग्लंडहून थोड्या व्हिटवर्थ रायफली पोचल्या. काहींवर डेव्हिडसनची आखूड दुर्बीण होती, तीसुद्धा वर नाही, डाव्या बाजूला. त्यामुळे नळीवरची साधी माशी मोकळी राहायची. जवळच्या नेमाला तीच कामाला यायची. आणि हा डेव्हिडसन कोण? चक्क बॉम्बे आर्मीतला अधिकारी! तोटा एकच: डोळा काचेजवळ न्यावा लागे, म्हणून बंदुकीच्या दणक्याने नेमबाजांचे डोळे काळेनिळे होत.

मला यातून एवढंच दिसतं, की जास्त लांब, जास्त जवळचं दाखवणारी दुर्बीण म्हणजे योग्य दुर्बीण नव्हे. ती उचलून चालता येतं का, साधा नेम मोकळा राहतो का, दणक्यात डोळा वाचतो का, हे आधी बघायचं. कारण बार एकच आहे.