बिब्बा : बीजौषधीचे दुष्परिणाम आणि परंपरेची सावधगिरी

प्रास्ताविक

वनस्पतिजन्य औषध नैसर्गिक असते, म्हणून ते निरुपद्रवी असते, असा समज सुशिक्षित समाजातही दृढ झालेला दिसतो. त्याच्या समर्थनार्थ बहुधा प्राचीन परंपरेचा हवाला दिला जातो. परंपरेचे मूळ म्हणणे खरोखर तसे आहे काय? प्रस्तुत लेखात बिब्बा अर्थात भल्लातक या एका उदाहरणाच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

ग्रंथांतील साक्ष

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात भल्लातकाचे अनेक प्रयोग सांगितले आहेत. तेथे त्याला अग्नीसमान तीक्ष्ण म्हटले असून, विधिपूर्वक योजल्यासच ते अमृतासमान ठरते, असे बजावले आहे. काढा घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावावे, दहा बिब्ब्यांपासून आरंभ करून तीसपर्यंतच जावे, त्यापुढे वाढ करू नये, असे नियम आहेत. वाग्भटाने या सेवनकाळात अग्निसेवन व तैलाभ्यंग वर्ज्य सांगितले. पुढील काळात विटेच्या चूर्णात घासून बिब्ब्यातील तेल कमी करण्याचा शोधनसंस्कार रूढ झाला. दुष्परिणाम ज्ञात नसते, तर या नियमांचे प्रयोजनच उरले नसते.

लोकव्यवहारातील साक्ष

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बिब्बा हे फळ असून गोडंबी हे त्याचे बी होय. बाळंतिणीच्या लाडवांत पौष्टिक म्हणून गोडंबी घातली जाते. दाहक तेल असते ते कवचात. म्हणूनच बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्यांचे हात भाजतात. आपल्या पौष्टिकतेची ही किंमत सहसा विचारात घेतली जात नाही. ‘बिब्बा उतणे’ हा शब्दप्रयोग त्वचेवरील दाहाची, तर ‘बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार या द्रव्याच्या उपद्रवी कीर्तीची साक्ष देतो.

आधुनिक काळ

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या त्वचेवर, धोब्याने कपड्यांवर केलेल्या बिब्ब्याच्या खुणेच्या जागी दाह उठत असे. १९४३ मध्ये अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद झाली. स्वातंत्र्योत्तर काळात, १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदीय औषधे १९४० च्या औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. त्या कायद्याच्या नियमांतील विषारी द्रव्यांच्या परिशिष्टात भल्लातक, गुंजा, जयपाल व कुचला यांचा समावेश असून, ही द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापणे बंधनकारक आहे. तथापि घरी ऐकीव माहितीवर घेतल्या जाणाऱ्या बीजाला वेष्टन नसते आणि सूचनाही नसते.

निष्कर्ष

परंपरेने बीजौषधीला निरुपद्रवी मानले नाही. तिने मात्रा, शोधन, पथ्य व वैद्य या चार मर्यादा घातल्या. आज द्रव्य स्वीकारले जाते आणि मर्यादा मात्र गळून पडतात. यास परंपरेचे पालन म्हणता येत नाही. अर्थात परंपरेतही एक उणीव आहे. तिने नियम जपले. परंतु किती जणांना अपाय झाला, याची मोजदाद ठेवली नाही. २००८ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याचे महत्त्व येथेच आहे. जुनी सावधगिरी आणि नवी नोंद यांचा मेळ घालणे हेच परंपरेचा आदर करण्याचे अधिक प्रामाणिक रूप ठरेल.