तळटीप : आधी जात, मग ओळख

* शब्दाचा अर्थ सांगताना इंग्रजी आधी जात सांगते आणि मग ‘हू’, ‘हूज’, ‘विच’, ‘व्हेअर’ लावून वेगळेपण दाखवते. ‘अ विडो इज अ वुमन हूज हजबंड हॅज डाइड.’ मराठीची चाल नेमकी उलटी : ‘जिचा नवरा वारला ती विधवा.’ त्यामुळे आपली मुलं ‘विडो मीन्स हर हजबंड इज डेड’ असं लिहून जातात आणि ‘वुमन’ हा कणाच गळतो. माणूस, वस्तू की जागा, हे आधी ठरवावं. बेकर म्हटलं की ‘हू’, बेकरी म्हटलं की ‘व्हेअर’. जॉन सिंक्लेअर यांच्या संपादनाखालच्या कोबिल्ड कोशात (१९८७) अर्थ अख्ख्या वाक्यांत दिले आहेत. विद्यार्थ्यांनी तो जरूर चाळावा. — संपा.