घरातल्या टेबलावरचा स्टड पोकर

आजचा विषय पत्त्यांचा आहे. पण कसिनोतल्या नव्हे, घरातल्या टेबलावरच्या. अमेरिकेत स्टड पोकरचे कितीतरी घरगुती प्रकार खेळले गेले. त्यांचा इतिहास सांगताना अडचण एकच: हे नियम पुस्तकांपेक्षा तोंडातोंडीच जास्त टिकले. आणि नाव कागदावर राहिलं, नियम मात्र राहिले नाहीत, तर काय होतं, ते एका खटल्यात दिसतं. त्या खटल्याकडे शेवटी येऊ.

आधी स्टड म्हणजे काय ते पाहू. आपल्या तीन पत्तीत सगळे पत्ते झाकून वाटतात. जुन्या ड्रॉ पोकरमध्येही तसंच. स्टडमध्ये मात्र काही पत्ते उघडे पडतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या, म्हणजे १८६१ ते १८६५ च्या सुमारास हा प्रकार रुजला. पाच पत्त्यांच्या स्टडमध्ये एक पत्ता झाकलेला आणि चार उघडे. ड्रॉमध्ये पैसे लावायच्या दोन फेऱ्या असतात, इथे चार. समोरच्याचं जवळजवळ सगळं दिसतंय, आणि सगळी भीती त्या एका न दिसणाऱ्या पत्त्याची! १९६५ चा ‘द सिनसिनाटी किड’ हा चित्रपट ज्यांनी पाहिलाय, त्यांना हा ताण माहीत आहे. विसाव्या शतकात सात पत्त्यांचा स्टड पुढे आला: दोन झाकलेले, चार उघडे, शेवटचा पुन्हा झाकलेला.

आता घराकडे वळू. घरगुती बैठकीत साधारण रिवाज असा, की ज्याच्याकडे वाटप येईल त्यानं डावाचा प्रकार ठरवायचा. त्यामुळे प्रत्येकाला आपला लाडका डाव मांडता येई. ‘शिकागो’ घ्या. ज्याच्या झाकलेल्या पत्त्यांत सगळ्यात मोठं इस्पिक, त्याला जमलेल्या रकमेचा अर्धा वाटा. म्हणजे हातात बाकी काही नसलं तरी एक इस्पिकचा एक्का माणसाला खेळात धरून ठेवतो. ‘मेक्सिकन स्टड’मध्ये पत्ते झाकून येतात आणि कुठला उघडायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ‘फॉलो द क्वीन’मध्ये उघडी राणी पडली, की तिच्यामागून जो पत्ता उघडा पडेल, त्या किमतीचे सगळे पत्ते जोकर. पुन्हा राणी पडली, की जुना जोकर रद्द, नवा सुरू. जिंकत आलेला माणूस एका क्षणात जमिनीवर!

आणि ‘बेसबॉल’. यात तिऱ्या आणि नव्वे जोकर, आणि चौकी उघडी आली की एक पत्ता जादा. हे आकडे कुठून आले? त्या खेळात तीन स्ट्राइकला फलंदाज बाद, सामना नऊ डावांचा, आणि चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला फुकटचा बेस. मैदानावरचा खेळ जसाच्या तसा पत्त्यांत उतरवला.

मुरलेले खेळाडू या प्रकारांना नाकं मुरडत. त्यांची तक्रार खोटी नव्हती. गणित करून बघू. ५२ पत्त्यांत पाच पत्त्यांचे ‘दोन जोड्या’ होणारे हात १,२३,५५२ आणि ‘तीन सारखे’ होणारे ५४,९१२. जे दुर्मीळ ते मोठं, म्हणून तीन सारखे वरचढ. आता एकच जोकर घाला. एक जोडी आणि जोकर हाती आला, तर माणूस साहजिकच तीन सारखे म्हणणार. असे हात ८२,३६८. म्हणजे तीन सारखे झाले १,३७,२८०, दोन जोड्यांपेक्षा जास्त. मग क्रम उलटा करा ना! पण उलटा केला, की तोच माणूस जोकर दुसऱ्या जोडीत लावतो. दोन जोड्या होतात २,०५,९२०, आणि त्या पुन्हा सोप्या ठरतात. कसंही केलं तरी क्रम बसत नाही.

मग लोक हे का खेळत राहिले? मला वाटतं, उत्तर या गोंधळातच आहे. चोख स्टडमध्ये दर आठवड्याला तोच हुशार गडी जिंकेल, आणि महिन्याभरात बैठक मोडेल. जोकर आला की कच्च्या गड्यालाही आशा राहते, आणि पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा येतो. डावापेक्षा बैठक टिकणं महत्त्वाचं होतं.

आता तो खटला. कॅलिफोर्नियानं १८८५ साली बंदी घातलेल्या खेळांच्या यादीत ‘स्टड-हॉर्स पोकर’ हे नाव घातलं. व्याख्या दिली नाही. तेव्हाच्या माणसाला ती लागत नसावी. शंभर वर्षांनी प्रश्न आला: टेक्सास होल्डेम त्यात बसतो का? १९९० मध्ये ‘टिबेट्स विरुद्ध व्हॅन डी कॅम्प’ या खटल्यात अपील कोर्टानं सांगितलं, की नाही बसत. पण तेवढं ठरवायला, एकेकाळी कुठल्याही गड्यानं सहज सांगितलं असतं ते कोर्टाला शोधत बसावं लागलं.

आपल्याकडे गणपतीच्या जागरणाला पत्ते बसतात. तिथे मुफलिस असतो, जोकर असतो, आणि मामांनी कधीतरी घातलेला एखादा नियम असतो, जो शेजारच्या वाडीत कुणालाच ठाऊक नसतो. यंदा तो एका वहीत लिहून ठेवा. मामांना विचारूनच लिहा, म्हणजे भांडणही आत्ताच मिटेल.