ओढ्याचे पाणी आणि जनावरांची विषबाधा: खते व कीटकनाशकांचा परिणाम कसा ओळखावा, कसा टाळावा

नंदुरबार जिल्ह्यातील धानोरा परिसरात जून ते सप्टेंबर हा खते टाकण्याचा आणि फवारणीचा हंगाम असतो. ओढे, नाले, डबकी पाण्याने भरतात आणि जनावरे त्याच पाण्यावर जातात ती याच महिन्यांत. कापूस, मिरची, पपईच्या शेतातून निघालेले पाणी बांध ओलांडून ओढ्यात येते आणि पुढे तापीला मिळते. तापीवरील उकाई जलाशयाचे पाणी नवापूर तालुक्यापर्यंत पसरते आणि तिथली अनेक आदिवासी कुटुंबे मासेमारीवर जगतात. त्यामुळे आपल्या बांधावरून काय वाहून जाते, हा प्रश्न एका शेतापुरता राहत नाही.

विषबाधा कशामुळे झाली हे लवकर ओळखणे महत्त्वाचे आहे. प्रत्येक रसायन शरीरात वेगळे काम करते आणि त्यावरचा उपचारही वेगळा असतो.

रसायने पाण्यात कशी पोहोचतात?

नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळते. ते ओढ्यात जाते आणि जमिनीत मुरून विहिरीतही उतरते. स्फुरद आणि बरीच कीटकनाशके मातीच्या कणांना चिकटून, गढूळ पाण्याबरोबर जातात. म्हणून खत किंवा फवारणीनंतर लगेच आलेला जोराचा पाऊस सर्वांत जास्त नुकसान करतो. दुसरा मार्ग आपल्या हातातला आहे: ओढ्यावर पंप धुणे, उरलेले द्रावण ओतणे आणि रिकामे डबे टाकणे. डबक्यातले पाणी वाहत नसल्याने तिथे थोडे औषधही तीव्र ठरते.

१. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशके

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही या गटातील औषधे. मज्जातंतूचा संदेश स्नायूपर्यंत पोहोचवणारे रसायन काम झाल्यावर मोडून टाकण्यासाठी शरीरात एक विकर असते. हे औषध त्या विकरालाच बंद पाडते. संदेश थांबत नाही आणि ग्रंथी व स्नायू सतत काम करत राहतात.

- लक्षणे: तोंडातून भरपूर लाळ, डोळ्यांतून पाणी, पातळ शेण, वारंवार लघवी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, अंग थरथरणे, श्वास घेताना घरघर. काही मिनिटांपासून काही तासांत लक्षणे दिसतात.
- उपचार: पशुवैद्यक अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. औषध अंगावर सांडले असेल तर हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने जनावर धुवावे. तेल किंवा दूध पाजू नये.

माणसाच्या शरीरातही हेच घडते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी व शेतमजुरांचे जीव गेले होते. त्यामुळे बाधित जनावराची लाळ, शेण उघड्या हाताने हाताळू नका.

२. नायट्रेट

रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील जिवाणू नायट्रेटचे आधी नायट्राइट आणि मग अमोनिया करतात. नायट्रेट एकदम जास्त आले तर नायट्राइट साचून रक्तात उतरते. तिथे ते हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता जाते. जनावर श्वास घेत असते, पण प्राणवायू पेशींपर्यंत पोहोचत नाही.

- लक्षणे: धाप लागणे, अशक्तपणा, झोकांड्या, हिरड्या निळसर-तपकिरी, रक्त चॉकलेटी रंगाचे. वाचलेल्या गाभण जनावराचा गर्भपात होऊ शकतो.
- उपचार: पशुवैद्यक मिथिलीन ब्लूचे इंजेक्शन शिरेतून देतात. जनावराला पळवू किंवा लांब चालवू नये.

पाण्याबरोबर चाऱ्यातील नायट्रेटही मोजावे लागते. भरपूर नत्र दिलेल्या आणि पावसाचा ताण बसलेल्या ज्वारीत नायट्रेट साठते. कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेत मात्र रक्त लालभडक दिसते. हा फरक पाहून ठेवा आणि पशुवैद्यकांना सांगा.

माणसांच्या पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकानुसार मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम आहे. मोठी जनावरे यापेक्षा थोडे जास्त सहन करतात, पण प्रति लिटर ४४० मिलिग्रॅमच्या वरचे पाणी त्यांना देऊ नये. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते. तान्ह्या बाळासाठी असे पाणी अजिबात वापरू नये.

३. युरिया

ठिबकसाठी युरिया विरघळवलेली बादली किंवा टाकी उघडी राहते आणि तहानलेले जनावर त्यात तोंड घालते. पोटात युरियापासून झपाट्याने अमोनिया तयार होतो. यकृताला तो निकामी करता येत नाही इतका वाढला की मेंदूवर परिणाम होतो.

युरियाची सवय नसलेल्या जनावराला किलो वजनामागे ०.३ ते ०.५ ग्रॅम युरिया एकदम पोटात गेला तरी बाधा होऊ शकते. ३०० किलोच्या गाईसाठी हे ९० ते १५० ग्रॅम होतात. २० लिटर पाण्यात १ किलो युरिया असेल तर दोन-तीन लिटर पाण्यातूनच तेवढा पोटात जातो.

- लक्षणे: अर्ध्या तासापासूनच पोटफुगी, पोटदुखी, थरथर, तोंडाला फेस, झटके.
- उपचार: थंड पाणी आणि व्हिनेगर पाजल्याने अमोनिया तयार होण्याचा व रक्तात उतरण्याचा वेग कमी होतो. मात्र जनावर नीट गिळत असेल तरच आणि पशुवैद्यकांना फोनवर विचारूनच पाजावे. झटके येत असताना पाजलेले पाणी फुप्फुसात जाते.

मासे मेले तर काय समजावे?

सायपरमेथ्रिनसारखी पायरेथ्रॉइड औषधे गाई-म्हशींना तुलनेने कमी बाधतात, पण माशांसाठी अत्यंत घातक असतात. कल्ल्यांतून ती पटकन शरीरात जातात आणि माशांना ती लवकर मोडता येत नाहीत. डब्यावरील त्रिकोणाचा रंग (लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा) माशांबद्दल काही सांगत नाही.

खतामुळे शेवाळ वाढले तर रात्री पाण्यातील प्राणवायू संपतो. अशा वेळी मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात आणि मोठे मासे आधी मरतात. लहान-मोठे सर्व मासे, पाणकिडे, बेडूक एकदम मेलेले दिसले तर कीटकनाशकाचा संशय घ्या. दोन्ही वेळा जनावरांना त्या पाण्यापासून दूर ठेवा. हिरव्या रंगासारखी साय आलेले पाणीही देऊ नका, कारण काही नील-हरित शेवाळांचे विष यकृत खराब करते.

विषबाधेचा संशय आल्यास

1. सर्व जनावरे त्या पाण्यापासून व चाऱ्यापासून लगेच हलवा आणि स्वच्छ पाणी द्या.
2. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा टोल फ्री क्रमांक १९६२ वर फोन करा.
3. औषधाचा डबा, लेबल किंवा खताची गोणी पशुवैद्यकांना दाखवा.
4. संशयित पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत भरून थंड ठेवा. जनावर दगावल्यास शवविच्छेदन करून घ्या.
5. बाधित जनावराचे दूध पशुवैद्यक सांगेपर्यंत वापरू नका, डेअरीला घालू नका.

प्रतिबंध

- पंप शेतातच धुवा. रिकामा डबा तीन वेळा खळखळून ते पाणी पंपात घ्या आणि त्याच पिकावर फवारा. डबा भोक पाडून निकामी करा, त्यात जनावरांना पाणी देऊ नका.
- पावसाचा अंदाज असताना फवारणी किंवा युरिया देणे पुढे ढकला. युरिया हप्त्यांत विभागून द्या आणि मातीत मिसळा.
- ओढ्याच्या काठाने काही मीटर गवताची पट्टी राखा. ती गढूळ पाण्यातील माती अडवते.
- ठिबकच्या खताच्या टाकीला झाकण ठेवा. व्हेंचुरीची नळी जनावरांच्या हौदाजवळ ठेवू नका.
- फवारलेल्या शेतातील तण, बांधावरचे गवत जनावरांना घालू नका.
- विहिरीच्या पाण्याची नायट्रेट तपासणी पावसाळ्यापूर्वी व नंतर करून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

कृषी सहायक आणि पशुसखींनी हंगामाच्या सुरुवातीलाच गावातील जनावरांच्या पाण्याच्या जागा पाहून घ्याव्यात आणि पंप धुण्याची जागा त्यांच्यापासून दूर, शेतातच ठरवून द्यावी.