संकेतांची मांडणी आणि शोध : गुणात्मक विश्लेषणातील एका साधनाचा इतिहास

१

मुलाखती, क्षेत्रटिपणे, पत्रव्यवहार अशा शब्दरूप सामग्रीचे विश्लेषण करताना अभ्यासक मजकुराच्या निरनिराळ्या अंशांना आशयसूचक नावे देतो. या नावांस ‘संकेत’ अथवा प्रचारातील शब्दाने ‘कोड’ म्हणतात. संकेत देण्याची क्रिया लवकर अंगवळणी पडते. परंतु शेकडो संकेत जमल्यावर त्यांची मांडणी कशी करावी आणि त्यांच्या आधारे हवे ते उतारे कसे शोधावेत, हा प्रश्न उरतो. वरवर पाहता तो निव्वळ सोयीचा वाटतो. वस्तुतः मांडणीत अभ्यासकाची गृहीते नकळत शिरतात, आणि जे मांडणीने गृहीत धरले तेच शोधाअंती निष्कर्षाच्या रूपाने परत हाती येण्याचा संभव असतो. या साधनांचा इतिहास त्या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरेल.

२

संगणकापूर्वीचा एक मोठा प्रयोग अमेरिकेतील येल विद्यापीठात झाला. मानवशास्त्रज्ञ जॉर्ज पीटर मर्डॉक व त्यांचे सहकारी यांनी 1938 मध्ये सांस्कृतिक सामग्रीची एक विषयसूची प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक विषयास तीन अंकी क्रमांक होता; उदाहरणार्थ, विवाह जुळविण्याच्या रीतींसाठी 584. 1949 मध्ये स्थापन झालेल्या ‘ह्यूमन रिलेशन्स एरिया फाइल्स’ या संस्थेने हीच सूची पुढे चालविली. ग्रंथाच्या एका पानावर चार विषय आले असतील, तर त्या पानाच्या चार प्रती काढून त्या चार क्रमांकांखाली लावावयाच्या, अशी ही पद्धती होती. एका विषयाचा शोध तीमुळे सुलभ झाला. परंतु दोन विषय एकत्र कोठे येतात हे पाहावयाचे, तर दोन्ही ठिकाणची पाने काढून हातानेच ताडून पाहावी लागत.

शिवाय ही सूची आधीच ठरलेली होती. 1967 मध्ये बार्नी ग्लेझर व अँसेल्म स्ट्रॉस यांनी, संकल्पना सामग्रीतून उगवाव्यात, बाहेरून लादल्या जाऊ नयेत, असा आग्रह धरला. हे मान्य केले की संकेतसूची स्थिर राहू शकत नाही. संकेत फुटतात, एकमेकांत मिसळतात, त्यांची नावे पालटतात. आणि दर वेळी कात्रणांचे गठ्ठे नव्याने लावावे लागतात. अनेक अभ्यासकांची मांडणी अर्ध्यावरच गोठून जाई, याचे कारण केवळ बौद्धिक नव्हते. पुन्हा गठ्ठे लावण्याचे श्रमही त्यास तितकेच कारण होते.

३

या अडचणीतून मार्ग काढण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न 1981 पासून ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील ला ट्रोब विद्यापीठात झाला. समाजशास्त्रज्ञ लिन रिचर्ड्स एका नव्या उपनगरातील कौटुंबिक जीवनाचा अभ्यास करीत होत्या. तर्कशास्त्र व संगणकविद्या हे टॉम रिचर्ड्स यांचे क्षेत्र होते. दोघांच्या सहकार्यातून ‘नडिस्ट’ ही प्रणाली निर्माण झाली. तीत मूळ दस्तऐवज आणि संकेतांची सूची ही दोन स्वतंत्र अंगे होती. संकेत वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रचले जात, आणि वृक्षातील स्थानावरून प्रत्येकास अंकरूप पत्ता मिळे. संकेत हलविला तरी त्याखालील उतारे त्याच्याबरोबर जात.

याहून महत्त्वाची सोय शोधाची होती. दोन संकेतांचा छेद, त्यांचा संयोग, एकातून दुसऱ्याची वजाबाकी, त्यांचे सान्निध्य वा अनुक्रम हे सर्व प्रणालीस विचारता येई. आणि येणारे उत्तर नवा संकेत म्हणून सूचीत ठेवून त्यावर पुढचा प्रश्न करता येई. शोध हा येथे विश्लेषणाचा शेवट राहिला नाही. तो त्याचा एक टप्पा झाला.

४

तथापि वृक्षरचनेत एक सापळा दडलेला होता. समजा, मुलाखतींत रुग्णालय, शाळा, बँक व पंचायत अशा चार संस्थांचा उल्लेख आहे, आणि विश्वास, भीती, राग, कृतज्ञता व उदासीनता असे पाच भाव आढळतात. नवखा अभ्यासक प्रत्येक संस्थेखाली पाचही भाव मांडतो. संकेत वीस होतात, आणि ‘विश्वास’ चार ठिकाणी विखुरतो. संस्था आणि भाव यांच्या दोन स्वतंत्र शाखा केल्यास नऊ संकेत पुरतात, आणि विसांपैकी कोणताही संयोग छेदाने शोधता येतो.

भाषाशास्त्राच्या परिभाषेत हा भेद असा सांगता येईल : ‘आंबा हे फळ आहे’ हा प्रकाराचा संबंध वृक्षात बसतो, ‘आंबा उन्हाळ्यात येतो’ हा साहचर्याचा संबंध बसत नाही. आपल्या परंपरेत कात्यायनाच्या नावावर असलेली सर्वानुक्रमणी ऋग्वेदाच्या सूक्तांचे ऋषी, देवता व छंद नोंदविते. परंतु छंदाला देवतेच्या पोटात घालीत नाही. तिन्ही अंगे वेगळी राहिल्यामुळेच त्यांतील संबंध तपासता येतात. जो संबंध शोधावयाचा, तोच मांडणीत आधी गोवून टाकला तर तपासण्यास काही उरत नाही.

बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातील 1989 ते 1992 या काळातील प्रकल्पातून थॉमस मूर यांची ‘अ‍ॅटलास-टीआय’ ही प्रणाली आली. तिने वृक्षाऐवजी जाळ्याची कल्पना पुढे आणली. ‘कारण आहे’, ‘भाग आहे’, ‘विरोधी आहे’ अशा नामांकित दुव्यांनी संकेत जोडता येऊ लागले. येथे साहचर्यास स्थान मिळाले. मात्र तो दुवा अभ्यासकानेच घातलेला असतो, आणि म्हणून तो विधान ठरतो, पुरावा ठरत नाही.

५

1996 मध्ये कॉफी, होलब्रुक व अ‍ॅटकिन्सन यांनी, या प्रणालींमुळे सर्व गुणात्मक संशोधन एकाच साच्यात पडेल, अशी भीती व्यक्त केली. उडो केले यांनी 1997 मध्ये उत्तर दिले की, या प्रणाली मुख्यतः मजकुराच्या व्यवस्थापनाची साधने आहेत. त्या स्वतः पद्धतिशास्त्र नव्हेत. केले यांचे म्हणणे ग्राह्य आहे. परंतु त्यामुळे अभ्यासकाची जबाबदारी वाढते, कमी होत नाही. छेदाच्या शोधास शून्य उत्तर आले, तर तो संबंध सामग्रीत नाहीच असे सिद्ध होत नाही. कदाचित एक संकेत उशिरा सुचला असेल आणि आरंभीच्या मुलाखती त्या दृष्टीने पुन्हा वाचल्याच गेल्या नसतील; किंवा एका वाक्यास एक व पुढच्या वाक्यास दुसरा संकेत दिलेला असेल.

मराठी सामग्रीत याची प्रचीती विशेष येते. ‘पाणी’ हा शब्द अक्षरशः शोधला, तर ‘पाण्याला’, ‘पाण्यात’, ‘पाण्यावाचून’ ही रूपे निसटतात, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच पालटते. वाचून दिलेला संकेत या सर्वांस एकत्र आणतो, आणि ‘नळ दोन दिवस कोरडाच होता’ हे पाण्याचे नाव न घेणारे वाक्यही त्यात येते. म्हणून शब्दशोधाने संकेतांची उणीव भरून निघत नाही. शब्दशोधाने न वाचलेली स्थळे दाखवावीत आणि संकेत वाचनानेच द्यावा, हा क्रम योग्य होय. प्रत्येक संकेताची व्याख्या व तो सूचीत आल्याची तारीख नोंदवून ठेवणे आणि शून्य उत्तर आल्यास मूळ मजकुराकडे परतणे, ही शिस्त पाळली तरच प्रणालीचे उत्तर पुरावा म्हणून पुढे ठेवता येईल.