श्रीमंती मोटार आणि गेवराईची वाट

श्रीमंती मोटारींच्या गुणदोषांची चर्चा गेवराईसारख्या तालुक्याच्या गावाच्या अनुषंगाने करावी, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटेल. असला विषय मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यात शोभावा, अशी आपली समजूत असते. परंतु माणसाची खरी पारख जशी प्रवासात होते, तशी मोटारीची पारख वाटेवर होते. आणि गेवराई हे वाटेवरचेच गाव आहे. धुळ्याहून सोलापुराकडे जाणारा हमरस्ता शहागडजवळ गोदावरी ओलांडतो, गेवराईस येतो आणि पुढे बीडकडे वळतो. येथील जमीन काळी, कपाशीची. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर बांधलेला रस्ताही तिच्याबरोबर उसासे टाकतो. हमरस्ता आता चौपदरी झाला असला, तरी तो सोडून आत वळले की जुनाच अनुभव येतो. हंगामात उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबांच्या बैलगाड्या याच वाटेने जातात. अशा ठिकाणी मोटारीचे तीन गुण कसास लागतात : तिची चाल, तिचा भरवसा आणि तिच्या धन्याचे समाधान.

याच तालुक्यात गोदातीरी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे थोरल्या माधवरावांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. नदीस पूर आलेला, निजामाची फौज दोन तीरांवर दुभंगलेली, आणि मागे राहिलेल्या तुकडीचा प्रमुख विठ्ठल सुंदर रणात पडला. वैभव कितीही मोठे असले, तरी ते वेळेवर पैलतीरी पोहोचले पाहिजे, हा धडा गेवराईच्या भूमीने फार पूर्वीच दिलेला आहे.

ज्या बंद मोटारीस आपण सेडान म्हणतो, तिचे नाव युरोपात माणसे खांद्यावरून वाहून नेत त्या बंद खुर्चीवरून आले. म्हणजे आपल्या भाषेत तो मेणाच. मेण्यात बसणारा कोण, यावर मेण्याची प्रतिष्ठा ठरे. तो किती सुरळीत चालतो हे मात्र भोयांना ठाऊक असे. मोटारीच्या इतिहासातही हे दोन पक्ष प्रारंभापासून दिसतात.

१९०७ साली रोल्स-रॉइस कंपनीने आपली चाळीस-पन्नास अश्वशक्तीची सहा सिलिंडरांची मोटार, जी पुढे सिल्व्हर घोस्ट या नावाने प्रसिद्ध झाली, ब्रिटनच्या रस्त्यांवरून १४ हजारांहून अधिक मैल जवळजवळ अखंड चालवून दाखविली. मोटार म्हणजे वाटेत बंद पडणारे यंत्र, अशी ज्या काळी सर्वांची खात्री होती, त्या काळातली ही गोष्ट. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, तशीच एक गाडी आपल्या मुलखात आली. मुंबई ते कोल्हापूर अशी सुमारे ६२० मैलांची, सह्याद्रीचे घाट चढून-उतरून करावयाची कसोटी तीत ठेवली होती. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या या गाडीने ती यशस्वीपणे पार पाडली, आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. तिची कीर्ती पितळेच्या झळाळीमुळे झाली नाही. घाटाच्या चढणीवर ती थांबली नाही, यामुळे झाली.

आता हिच्याच एका बहिणीची कथा ऐका. गेवराई ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत होती, त्या संस्थानच्या सहाव्या निजामाने, मीर महबूब अली खानाने, एक पिवळ्या रंगाची सिल्व्हर घोस्ट मागविली. १९११ साली त्याचे निधन झाले आणि गाडी त्याच्या पुत्राच्या, उस्मान अली खानाच्या, वाट्यास आली. आत राजासाठी सिंहासनासारखे उंच आसन. गाडी केवळ समारंभाची. ती आयुष्यात फारच थोडी धावली आणि आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. यंत्र तेच, कारखाना तोच. परंतु एकीने घाट ओलांडले आणि दुसरीने मिरवणूक पाहिली. मोटार घेताना आपण यांपैकी कोणती घेत आहो, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक धन्यापुढे उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर निवड आपोआपच आखूड झाली. एकीकडे मॉरिस ऑक्सफर्डवरून घडविलेली अँबॅसडर, दुसरीकडे वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्याची फियाट, जी पुढे पद्मिनी झाली. फियाट हलकी, चपळ, धन्याने स्वतः चालवावी अशी. अँबॅसडर जड, प्रशस्त, खड्डे पोटात घालणारी. दोन्ही वाटेत रुसत, हे खरे. परंतु रुसवा काढण्याचे मार्ग गावोगावच्या मिस्त्रीस ठाऊक होते. भरवसा म्हणजे बिघाडाचा अभाव नव्हे, तर बिघाड जेथल्या तेथे निघणे, अशी त्या काळाची व्याख्या होती. आणि तीस शहाणपणाचा आधार होता.

ही व्याख्या १९९१ नंतर बदलली. १९९५ साली पुण्यात मर्सिडीजची बांधणी सुरू झाली. प्रथम आलेला ई वर्गाचा नमुना जर्मनीत मावळत होता, तो आपल्याकडे उगवला, अशी टीका झाली. परंतु टिकाऊपणात त्या नमुन्याचे नाव आजही आदराने घेतले जाते. २००१ साली औरंगाबादजवळ, शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना उभा राहिला आणि २००७ पासून तेथेच ऑडी गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. त्याच वर्षी बीएमडब्ल्यूने मद्रासजवळ, म्हणजे आजच्या चेन्नईजवळ, बांधणी आरंभिली. अशा रीतीने जगातील प्रतिष्ठित मोटारींपैकी एक गेवराईच्या उत्तरेस, मराठवाड्याच्याच भूमीवर आकार घेऊ लागली.

या गाड्यांच्या चालीत खरोखर भेद आहे. बीएमडब्ल्यूमध्ये इंजिनाचे बळ मागील चाकांस मिळते आणि वजन पुढे-मागे जवळजवळ समसमान वाटलेले असते. म्हणून सुकाणूचक्रातून रस्ता हातास कळतो, व स्वतः चालविणाऱ्यास ती विशेष प्रिय. परंतु हवा गेली तरी काही अंतर धावणारे तिचे कठीण टायर खराब रस्त्यावर पाठीस जाणवत. मर्सिडीजचे बळही मागील चाकांसच. तथापि तिचा ओढा शांततेकडे आहे, आणि मागे बसणाऱ्यास ती अधिक मानवते. ऑडीचे इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे असते, त्यामुळे तिचे नाक जड. परंतु चारही चाकांस बळ देणारी रचना, जी तिने १९८० साली रूढ केली, निसरड्या रस्त्यावर मोठा धीर देते. स्कोडाच्या सुपर्बचे नाव तितके मोठे नाही. पण मागच्या आसनावर पाय पसरावयास जी ऐसपैस जागा तीत मिळते, ती तिच्याहून महाग गाड्यांतही क्वचितच आढळते.

भरवशाच्या बाबतीत मात्र जर्मनांना पूर्वेकडून धडा मिळाला. १९८९ साली टोयोटाने लेक्सस एलएस ४०० ही गाडी अमेरिकेत आणली. तिने शांततेत जर्मनांची बरोबरी केली, आणि वर्षानुवर्षे न कुरकुरता चालण्यात त्यांना मागे टाकले. आपल्याकडे यात आणखी एक अडचण होती, ती इंधनाची. २०१० साली अधिक शुद्ध इंधनाची सक्ती प्रथम १३ शहरांत झाली. त्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्षात ५० भाग, तर इतरत्र ३५० भाग. त्या तेरांत सोलापूर होते, गेवराई नव्हती. सोलापुरात भरलेली टाकी गेवराईपर्यंत रिती झाली, तर पुढे नाजूक यंत्रास भरड अन्न घालण्याचा प्रसंग. हा भेद २०१७ मध्ये देशभर मिटला आणि २०२० पासून सर्वत्र १० भागांचेच इंधन आले. यंत्राचा भरवसा केवळ यंत्रात नसतो, तो भोवतालच्या व्यवस्थेत असतो, हे यावरून दिसेल.

राहता राहिले समाधान. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या व्यापारी-उद्योजकांनी एकाच वेळी १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. किंमत सुमारे ६५ कोटी रुपये. मराठवाडा म्हणजे मागासलेला मुलूख, हा शिक्का पुसावा आणि उद्योगाच्या नकाशावर आपल्या शहराचे नाव यावे, ही त्यांची इच्छा होती. ती हीन होती, असे मी म्हणणार नाही. ज्या प्रदेशाकडे शतकभर कोणी वळून पाहिले नाही, त्यास एकदा मान ताठ करावीशी वाटली, तर त्यात अपराध कोणता? परंतु त्याच सुमारास वृत्तपत्रांतून आणखी एक गोष्ट पुढे आली. या गाड्यांसाठी सरकारी बँकेने ७ टक्के व्याजाने कर्ज दिले, आणि त्याच मुलखात शेतकऱ्यास ट्रॅक्टरसाठी पडणारे व्याज याहून कितीतरी चढे होते. गेवराईच्या वाटेवर मर्सिडीज आणि ट्रॅक्टर एकमेकांशेजारून जातात. एकीच्या काचा बंद असतात, दुसऱ्यास काचा नसतातच; परंतु रस्ता एकच, आणि बँकेतील ठेवही बहुधा दोघांच्या शेजाऱ्यांचीच.

म्हणून, श्रोतेहो, कोणती मोटार उत्तम, असे कोणी विचारल्यास माझे उत्तर असे. स्वतः चालवावयाची असेल तर हातास बोलणारी घ्यावी. वडीलधाऱ्यांस न्यावयाचे असेल तर पाठीस जपणारी घ्यावी. घरापासून दुरुस्तीचे ठिकाण दूर असेल तर जपानी संयमाची घ्यावी. परंतु या तिन्हींच्या आधी एक प्रश्न स्वतःस विचारावा : ही गाडी घाट ओलांडणार आहे, की केवळ मिरवणूक पाहणार आहे? सहाशे वीस मैल धावलेली मोटार आणि राजवाड्यात उभी राहिलेली मोटार यांत अधिक मौल्यवान कोणती, हे संग्रहालयाचा पहारेकरी एक सांगेल आणि गेवराईच्या रस्त्यावरचा वाटसरू दुसरे सांगेल. मला वाटसरूचे म्हणणे अधिक पटते.